गाडी उचलता आली पाहिजे

नर्मदामाई 1312 किलोमीटर लांब. दोन्ही काठ फिरायचे, मोटरसायकलवर, तेही एकट्यानं. वय 63. पोरगं म्हणालं, "आण्णा, चांगला तंबू घ्या." दुकानात किंमत विचारली. तेवढ्यात बिघाभर कांद्याचं बी आलं असतं.

माझा हिशोब निराळा. शंभर सीसीची गाडी, वजन 112 किलो. वाळूत पडली तर उचलणार मीच. सामान सोडून उचला म्हणाल, पण पाय खाली अडकला तर सोडणार कोण? म्हणून ताणकाट्यावर एकेक जिन्नस तोलला. 10 किलोच्या वर जायचं नाही.

कांद्यावरची ताडपत्री 9 बाय 6 फूट कापली. दोरीनं एक बाजू गाडीला, दुसरी झाडाला, झाला तंबू. खाली खताच्या गोण्यांचं तळवट. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. दोरी सैल पडते, रबर धरून राहतं. एक पातेलं, तांब्या, बॅटरी, पंक्चरचं सामान. शिदोरीला कडक भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी.

वडलांची घोंगडी तीन किलो भरली. पण ती अंथरूण, तीच पांघरूण, पावसात तीच खोळ. मग सतरंजी, चादर, स्वेटर काढून ठेवले.

निघायच्या आदल्या दिवशी अंगणात भरलेली गाडी मुद्दाम आडवी केली. पाठ गाडीला लावली, पाय रोवले अन् रेटली. आली उभी. पोरगं बघत होतं. काही न बोलता आत गेलं अन् चाकात हवा भरायला पंप घेऊन आलं.