तापी बघावी सायकलवरून

सुरतेत नदी बघायला म्हणून लोक निघतात ते बहुतेक पुलावर जातात. केबल ब्रिजवर गाडी जरा हळू करायची, फोटो काढायचा आणि अडाजणला उतरायचं. त्यात गैर काही नाही, पण पुलावरून नदी फक्त ओलांडली जाते. तापी कशी आहे हे कळायला तिच्या कडेकडेनं जावं लागतं, आणि तेही सायकलवर, अख्खा दिवस हाताशी ठेवून. मी बरेच हिवाळे ही रमतगमत फेरी करत आलो आहे आणि तिच्यातूनच माझं एक मत पक्कं झालं आहे. या शहराला नदीकाठी आणखी एक बाग किंवा रोषणाईचा आणखी एक चौथरा नको आहे. सिंगणपोरच्या कॉजवेपासून खाली उमरा आणि पालपर्यंत, दोन्ही काठांनी, मधे कुठेही न तुटणारी साधी सावलीची वाट हवी आहे. आज जे आहे ते तुकड्यातुकड्यांचं आहे. कुठे चांगला फरसबंद काठ, कुठे बाग, कुठे पूरसंरक्षक बांध, आणि मधेच भिंत किंवा फाटक आलं की सायकल वळवून गल्लीबोळांतून पुढचा तुकडा शोधायचा. तापीसारख्या नदीचा काठ तुकड्यांत पाहिला तर ती समजतच नाही, असं माझं म्हणणं आहे.

याचा सगळ्यात सोपा पुरावा कॉजवेवरच मिळतो. सिंगणपोर आणि रांदेर यांना जोडणारा हा बंधारा-पूल 1995 साली झाला. पावसाळ्यात पाण्याची पातळी सहा मीटरच्या वर गेली की तो रहदारीला बंद होतो. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमाराला त्याच्यावर उभं राहिलं तर एकाच जागेवरून दोन नद्या दिसतात. वरच्या अंगाला गोडं पाणी, तुडुंब आणि स्थिर, कडेला जलपर्णीचा जाड हिरवा थर, आणि शहराला पिण्याचं पाणी देणाऱ्या इनटेक वेलचे गोल मनोरे. खालच्या अंगाला ओहोटी असेल तर उघडा पडलेला चॉकलेटी गाळ, त्यात पाण्याच्या बारीक धारा, कुठे चिखलात पाय रोवून उभा असलेला बगळा. थंडीत इथे परदेशातून आलेल्या कुरव पक्ष्यांचे थवे असतात आणि लोक त्यांच्यापुढे मूठमूठभर गाठिया उधळतात. पक्षी हवेतच ते झेलतात, बघणाऱ्याला गंमत वाटते. पण तळलेलं बेसन हे काही त्यांचं अन्न नव्हे, आणि ही सवय शहरानं सोडायलाच हवी. तर खालच्या अंगाची ही नदी काही तासांत पार बदलते. खंबातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. ती मगदल्ल्याकडून वर चढत येते, गाळ झाकून टाकते, आणि सकाळी रिकामी दिसलेली तापी दुपारी काठोकाठ भरलेली असते, फक्त ते पाणी डोंगरातून आलेलं नसतं, समुद्राचं असतं.

आता हे कोणाला दिसतं? गाडीवाला कॉजवे मिनिटाभरात पार करतो. सकाळी फिरायला येणारा तासाभरात घरी जातो. त्याला एकतर गाळ दिसतो नाहीतर पाणी. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास जातात, आणि तेवढ्याच वेळात थांबत थांबत, चहा घेत, सायकलनं एका काठानं खाली जाऊन दुसऱ्या काठानं वर येता येतं. सायकलचा संथ दिवस भरतीच्या वेळापत्रकात बरोबर बसतो. म्हणूनच मी सायकलचा आग्रह धरतो. व्यायाम आणि पर्यावरण ही कारणं आहेतच, ती कुठल्याही रस्त्याला लागू आहेत. तापीच्या काठाला जे खास लागू आहे ते हे की इथली नदी बघायला अर्धा दिवस आणि दहा-बारा किलोमीटर, दोन्ही एकदम लागतात. चालणाऱ्याला अंतर जड जातं, गाडीला वेळ उरत नाही.

गाळाची गोष्टही अशीच लांबीतून कळते. मोगल काळात सुरत हे हज यात्रेकरूंचं आणि व्यापाराचं मोठं बंदर होतं, पण मोठी जहाजं शहरापर्यंत येत नसत; ती समुद्राजवळ सुवाळीला नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून तापीनं वर येई. नदी गाळानं उथळ होत गेली, मुंबई वाढत गेली, आणि सुरतेचं बंदर मागे पडलं. चौक बाजारचा किल्ला, 1546 साली पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड द्यायला बांधून पुरा झालेला, काठावरच आहे. 1664 साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. तिथून खाली नानपुऱ्याकडे एकामागून एक ओवारे लागतात, म्हणजे आपण ज्यांना घाट म्हणतो ते: डक्का ओवारा, नावडी ओवारा. दगडी पायऱ्या उतरत जातात आणि ओहोटीला शेवटच्या पायऱ्या चिखलात बुडालेल्या असतात. कॉजवे झाल्यापासून वरून येणारं पाणी वर्षातले बरेच महिने खाली सुटत नाही, भरती गाळ आत आणते आणि तो बाहेर ढकलायला नदीत जोर नसतो. जुना गाळ आणि नवा गाळ यांचा हा संबंध पुस्तकात वाचता येतो, पण कॉजवेवरचं साचलेलं पाणी पाहून तासाभरानं ओवाऱ्याच्या बुडालेल्या पायऱ्या पाहिल्या की तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस म्हणून इथे नदीला चुंदडी वाहतात. ज्या शहराला नदीचा वाढदिवस पाठ आहे त्याला तिच्या काठानं सलग जायला वाट नसावी, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

मराठी माणसाला तर हा काठ अधिकच जवळचा वाटायला हवा. तापी मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर वाहते आणि तिचं खोरं सुमारे 65 हजार चौरस किलोमीटरचं आहे. त्यातलं 51 हजारांहून अधिक महाराष्ट्रात आहे आणि गुजरातेत चार हजारांच्याही आत. म्हणजे सुरतेत जे पाणी येतं ते बहुतांश अकोला, बुलढाणा, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जमिनीवर पडलेलं असतं. चांगदेवला पूर्णा मिळते, हतनूरला धरण आहे, सारंगखेडा आणि प्रकाशा ओलांडून पाणी उकाई धरणात येतं आणि तिथून सुरतेत. पाण्याच्या पाठोपाठ माणसंही आली. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं आहेत, अहिराणी तिथे रस्त्यावर सहज कानी पडते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईचा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, तेव्हा वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि खालच्या शहरातलं घर यांचं नातं सगळ्यांना एकदमच कळलं. ते नातं कळायला दर वेळी पूर यायची गरज नसावी. पूरसंरक्षक बांधावरून सायकलनं जाताना एका हाताला नदी असते आणि दुसऱ्या हाताला, बऱ्याच ठिकाणी काठाच्या पातळीहून खाली, वस्ती असते. ती खोली डोळ्यांना दिसते आणि मनात राहते.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो असा की हे सगळं सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत. भारी सायकल, हेल्मेट, रविवारची डुमसची फेरी. लूमच्या खात्यात बारा तास उभं राहणाऱ्याला नदीकाठाचं काय? आक्षेप गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. पण सुरतेत सायकल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त चालवली ती याच माणसानं, शौक म्हणून नव्हे, रिक्षाचे पैसे वाचवायला. त्याला उड्डाणपुलाच्या तोंडाशी ट्रक आणि बसच्या मधून जावं लागतं. न तुटणारी वाट झाली तर रविवारी ती माझी असेल, पण सोमवार ते शनिवार ती त्याची असेल, आणि त्याचा उपयोग माझ्यापेक्षा मोठा आहे. जगातली प्रसिद्ध नदीकाठची वाट घ्या: पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठानं जाणारी. लाखो लोक तिच्यावर सायकल सहलीला जातात, पण तिचा बराचसा भाग म्हणजे प्रवाहाविरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांची जुनी वाट आहे. कामासाठी केलेल्या वाटेवर फिरस्ते नंतर आले. सुरतेतही पुरासाठी केलेला बांध आहेच. त्याची वाट करायला नवी जमीन फारशी लागत नाही.

दुसरा आक्षेप उन्हाचा आणि पुराचा. मार्चपासून दुपारी काठावर थांबवत नाही हे खरं आहे, आणि पावसाळ्यात काही दिवस वाट बंदच ठेवावी लागेल. पण कॉजवेही पावसाळ्यात बंद राहतो, म्हणून तो निरुपयोगी आहे असं कोणी म्हणत नाही. उन्हाला झाडं हा उपाय आहे. मात्र बांधावर मुळं खोल जाणारी झाडं लावली तर बांध कमकुवत होतो, तेव्हा ती बांधाच्या शहराकडच्या पायथ्याशी, जरा अंतर सोडून लावावी लागतील. हे काम फरशी आणि दिव्यांपेक्षा स्वस्त आहे, फक्त त्याला दहा वर्षं धीर धरावा लागतो. 1994 च्या प्लेगनंतर स्वतःला घासूनपुसून उभं केलेल्या आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिल्या आलेल्या शहराला तो धीर धरता येईल, असं मला वाटतं.

तिसरं म्हणणं असं की अहमदाबादला साबरमतीवर झालं तसंच इथे करा, दोन्ही बाजूंनी काँक्रीटचा देखणा काठ. मला हे पटत नाही. साबरमतीच्या त्या पट्ट्यात नर्मदेच्या कालव्याचं पाणी अडवून ठेवलेलं असतं, ते हलत नाही. तापी रोज दोनदा फुगते, दोनदा ओसरते आणि कधीतरी नऊ लाख क्युसेक घेऊन येते. तिला उताराचा, चिखलाचा, झुडपांचा काठ लागतो. शिवाय काठ देखणा करताना आधी कोण हलवलं जातं हेही पाहिलं पाहिजे. नदीकाठच्या झोपडपट्ट्यांतली कुटुंबं 2006 नंतर उठवून कोसाडसारख्या लांबच्या वसाहतींत नेली गेली. पुराच्या तोंडी माणसं ठेवू नयेत हे मान्य. पण ज्यांनी काठ सोडला त्यांना तो काठ तिकीट काढून बघायला लागू नये. वाटेवर फाटक, तिकीट आणि वेळेचा फलक नसावा, एवढी माझी अट आहे.

आणि थांबायला काही वेगळं बांधावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत अडाजणच्या बाजूला पोंकचे स्टॉल लागतात. कोवळ्या ज्वारीची गरम राखेत भाजलेली कणसं कापडात धरून झोडपतात, हिरवे दाणे पाखडून काढतात आणि वर लिंबू-मरीची शेव टाकून देतात. आपल्या हुरड्याहून दाणा जरा अधिक मऊ लागतो. तिथला बाक आणि बांधाची उतरण यांवर माणूस हवा तितका वेळ बसतो.

सगळ्यात निकडीचा प्रश्न खालच्या टोकाचा आहे. रुंढ आणि भाठा यांच्यामध्ये नदीवर बराज बांधण्याचं काम हाती घेतलं आहे. तो झाला की भरती तिथेच अडेल आणि कॉजवेपर्यंतचा पट्टा गोड्या पाण्याचा होईल. वाढत्या शहराला पाणी हवं आहे, त्यामुळे मी त्याला विरोध करत नाही; पण गाळ मग बराजच्या खाली साचेल की वर, आणि चिखलावर जगणाऱ्या पक्ष्यांचं काय होईल, हे शहरानं लक्ष ठेवून पाहायला हवं, आणि त्यासाठी काठावर रोज जाणारी माणसं हवीत. बराजच्या माथ्यावरून सायकलची आणि पायी चालणाऱ्यांची वाट ठेवली तर वर कॉजवे, खाली बराज आणि दोन बाजूंना दोन काठ असा पुरा फेरा तयार होतो, ज्यात कुठेही मोठ्या पुलाच्या रहदारीत घुसावं लागत नाही. ही दीड-दोन मीटर रुंदी आराखड्यात आत्ता धरली तर खर्च थोडा आहे. काँक्रीट पडल्यानंतर ती कोणी देणार नाही.