पाहुणा पॅक-मॅन

एका कथेतले पात्र अचानक दुसऱ्या कथेत भेटले, की मला मोठी मौज वाटते. महाभारताच्या वनपर्वात भीम सौगंधिक कमळे आणावयास निघतो. वाटेत एक वृद्ध वानर शेपूट पसरून पहुडलेला त्याला दिसतो. ते शेपूट बाजूला सारताना त्या बलाढ्य वीराच्या अंगाला घाम फुटतो, आणि मग त्याला कळते की समोर प्रत्यक्ष हनुमान आहे. हनुमान मूळचा रामायणातला. येथे तो केवळ पाहुणा. पण पाहुणा म्हणून येताना त्याने आपले सारे घर बरोबर आणले आहे. त्याचे बळ, त्याचे शेपूट, त्याची रामभक्ती, इतकेच काय, त्याची थट्टेखोर वृत्तीही तेथे हजर आहे. यांतले काहीच नसते आणि नुसते हनुमानाचे नाव धारण करून कोणी वानर तेथे पडलेला असता, तर तो प्रसंग आज कोणाच्या लक्षात राहिला असता?

हे सारे मला सुचले ते एका निराळ्याच पाहुण्यामुळे. हा पाहुणा रंगाने पिवळाधमक, अंगाने वाटोळा आणि स्वभावाने अखंड भुकेला आहे. त्याचे नाव पॅक-मॅन. माझ्या नातवाची आणि त्याची पहिली भेट झाली ती 'सुपर स्मॅश ब्रदर्स' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये. निरनिराळ्या खेळांतले नायक तेथे एकत्र जमतात आणि एकमेकांशी झुंजतात. कोणाच्या हाती तलवार, कोणाच्या हाती बंदूक. हा पिवळा गडी मात्र चेरी आणि स्ट्रॉबेरी फेकत होता. नातवाने खेळता खेळताच विचारले, "आजोबा, हा फळं का फेकतो?"

प्रश्न चार शब्दांचा होता. त्याचे उत्तर मात्र पॅक-मॅनच्या घरी गेल्यावाचून सापडण्यासारखे नव्हते.

ते घर जपानमध्ये आहे. १९७८ साली तेथे 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ निघाला आणि अफाट लोकप्रिय झाला. आकाशातून उतरणाऱ्या परग्रहवासीयांवर गोळ्या झाडावयाच्या, एवढेच त्यातले काम. पुढे जिकडे तिकडे असेच नेमबाजीचे खेळ झाले आणि नाणी टाकून खेळण्याच्या त्या खेळघरांत बहुतेक तरुण मुलगेच दिसू लागले. नामको या कंपनीतल्या तोरू इवातानी नावाच्या तरुणाला हे रुचेना. मुलींनाही यावेसे वाटेल असा एखादा खेळ का असू नये, असे त्याच्या मनाने घेतले. मारण्याऐवजी कोणती क्रिया खेळाच्या मध्यभागी ठेवावी, याचा विचार करता करता तो 'खाणे' या क्रियेपाशी येऊन थांबला. किती साधी आणि किती सर्वांची क्रिया! एक फोड काढून घेतलेल्या पिझ्झाच्या आकाराने त्याला नायकाचे रूप सुचविले. 'पाकु पाकु' हा तोंडाच्या उघडझापीसाठी जपानीत रूढ असलेला शब्द त्याला नाव देऊन गेला. आपल्या 'गपागप'चाच हा कोणी दूरचा भाऊ म्हणावयाचा.

२२ मे १९८० रोजी टोकियोतल्या शिबुया भागात हा खेळ लोकांपुढे चाचणीसाठी मांडला गेला. तेव्हा त्याचे नाव 'पक मॅन' असे होते. अमेरिकेत नेताना तेथील व्यापाऱ्यांनी ते 'पॅक-मॅन' केले. कारण यंत्रावरच्या पहिल्या इंग्रजी अक्षराची एक कड कोणी खोडसाळाने खरवडली असती, तर भलताच अभद्र शब्द उमटला असता. खोडकर मुले जगात सर्वत्र सारखीच, हे त्या व्यापाऱ्यांना ठाऊक असावे.

खेळाची मांडणी एका दृष्टिक्षेपात मावणारी आहे. काळ्या पटावर निळ्या भिंतींचा एक भुलभुलैया. त्याच्या वाटांवर २४० ठिपके आणि चार कोपऱ्यांपाशी चार मोठ्या गोळ्या. पॅक-मॅनने हे सारे खाऊन संपविले की पुढची पातळी सुरू. मात्र चार भुते त्याच्या पाठीस लागलेली असतात. त्यांनी गाठले की एक जीव गेला. मोठी गोळी खाल्ली, की थोडा वेळ भुतेच भिऊन निळी पडतात आणि पॅक-मॅनला त्यांना गिळता येते. पालक खाऊन बळ चढणाऱ्या पोपाय खलाशावरून ही युक्ती सुचल्याचे इवातानी सांगतात. पुढे पुढे हा निळा काळ आखूड होत जातो आणि शेवटी नाहीसाच होतो.

पण या घराचे खरे वैभव ती चार भुते आहेत. वरवर पाहता चौघे सारखेच. फरक दिसतो तो केवळ रंगाचा. वस्तुतः प्रत्येकाला निराळा स्वभाव दिलेला आहे. तांबडा ब्लिंकी सरळमार्गी. पॅक-मॅन ज्या घरात असेल त्याच घराकडे तो निघतो, आणि ठिपके थोडे उरले की त्याची चाल अधिक वेगवान होते. गुलाबी पिंकी धूर्त. ती पॅक-मॅनकडे येत नाही. त्याच्या तोंडापुढची चौथी चौकट हेरून तेथे दबा धरावयास जाते. निळसर इंकीचे गणित सर्वांत अवघड. पॅक-मॅनच्या पुढची दुसरी चौकट घ्यावयाची, ब्लिंकीपासून तेथपर्यंत रेघ ओढावयाची आणि ती तितकीच पुढे वाढवावयाची. जेथे ती पोहोचेल तेथे इंकी निघतो. म्हणजे त्याची चाल मित्राच्या चालीवर अवलंबून! आणि नारिंगी क्लाइड? तो दूर असताना मोठ्या आवेशाने धावत येतो, परंतु आठ चौकटींच्या आत आला की त्याचा धीर सुटतो आणि तो आपल्या कोपऱ्याकडे माघारी वळतो. जपानी खेळात या चौघांना जी विशेषणे दिली होती, त्यांचा अर्थ पाठलाग करणारा, दबा धरणारा, लहरी आणि वेड पांघरणारा असा काहीसा होतो.

हे ठाऊक नसलेल्या खेळाडूला चार शत्रू दिसत नाहीत. त्याला एकच मोठे संकट दिसते, आणि तो वाट फुटेल तिकडे पळतो. मी वर्गात अनेक वर्षे उभा राहिलो आहे, म्हणून ही भीती मला ओळखीची वाटते. नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी साठ मुलांचा वर्ग हा एकच गलबला वाटतो. महिनाभराने त्या गलबल्याला नावे येतात. अमका पुढे पुढे करतो, तमका दाराआड लपतो, तिसरा दुसऱ्याच्या जोरावर दंगा करतो आणि चौथा जवळ बोलाविले की मान खाली घालतो. गलबला तेवढाच राहतो, पण भीती जाते. पिंकीच्या बाबतीत जाणते खेळाडू चक्क तिच्या तोंडावर चाल करून जातात. पॅक-मॅन समोरून येऊ लागला की त्याच्या पुढची चौथी चौकट तिच्या पाठीमागे पडते, आणि पुष्कळदा ती बिचारी बाजूच्या गल्लीत वळते!

या खेळातला आणखी एक बारकावा मला फार आवडतो. भुते सतत पाठलाग करीत नाहीत. पहिल्या पातळीच्या आरंभी सात सेकंद ती आपापल्या कोपऱ्यांकडे जातात, मग वीस सेकंद पाठलाग, पुन्हा सात सेकंद विसावा. खेळाडूला श्वास घेता यावा म्हणून हा विसावा मुद्दाम ठेवलेला आहे. कर्त्याच्या मनाचा मोठेपणा मला येथे दिसतो.

आता फळांकडे वळतो. दर पातळीत दोनदा, भुतांच्या घराखाली एक बक्षीस थोडा वेळ प्रकट होते. प्रथम चेरी, तिचे १०० गुण. मग स्ट्रॉबेरी, संत्रे, सफरचंद आणि खरबूज. आणि नवव्या पातळीला काय यावे? फळ नव्हेच, तर एक लढाऊ अंतराळयान! ते आले आहे नामकोच्याच १९७९ सालच्या 'गॅलॅक्सियन' या खेळातून. शेजारच्या घरातला पाहुणा असा पहिल्याच वर्षी पॅक-मॅनच्या अंगणात उतरला होता. त्यानंतर घंटा येते आणि तेराव्या पातळीपासून किल्ली. तिचे ५,००० गुण. घर मात्र अनंत नाही. पातळीचा क्रमांक यंत्रात आठ अंकी द्विमान संख्येत साठविलेला असल्यामुळे तो २५५ च्या पुढे मोजता येत नाही. २५६ व्या पातळीला अर्ध्या पटावर अक्षरांचा नि आकृत्यांचा नुसता कचरा पसरतो आणि वाट खुंटते. कर्त्यानेही इतक्या दूर कोणी येईल असे मानले नसावे.

अशा घरचा हा गृहस्थ पुढे गावोगाव पाहुणा म्हणून हिंडला. त्याचे सगळेच दौरे सांगण्यासारखे नाहीत. २००५ साली खेळघरांसाठी निघालेल्या 'मारिओ कार्ट'मध्ये तो मोटार हाकताना दिसतो. मोटार कोणीही हाकील! २०१२ च्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' या हाणामारीच्या खेळात तो एका लाकडी यंत्रपुतळ्यावर स्वार होऊन ठोसे लगावतो. मला हे मुळीच मानवले नाही. गोळीबाराला कंटाळलेल्या माणसाने ज्याला जन्म दिला, त्याला मुष्टियुद्धात उभे करावयाचे, आणि त्याच्या घरातली एक चेरीसुद्धा शिदोरीला द्यावयाची नाही! असल्या ठिकाणी पाहुणा येत नाही, त्याचा अंगरखा तेवढा येतो.

आणि म्हणूनच नातवाच्या प्रश्नाने मी सुखावलो. 'सुपर स्मॅश ब्रदर्स'मध्ये पॅक-मॅन २०१४ साली आला. तोही झुंजीचाच खेळ. पण तो रचणाऱ्यांनी, न मारणाऱ्याच्या हाती काय द्यावे, याचा विचार केलेला दिसतो. कळ दाबून धरली की त्याच्या हातात प्रथम चेरी येते, मग स्ट्रॉबेरी, संत्रे, सफरचंद, खरबूज, त्यानंतर तेच गॅलॅक्सियनचे यान, मग घंटा आणि सर्वांत शेवटी किल्ली. १९८० सालचा क्रम चौतीस वर्षांनी जशाच्या तसा! मी नातवाला तो जुना भुलभुलैया दाखविला. नवव्या पातळीपर्यंत मजल जाणे दोघांच्याही आवाक्याबाहेरचे होते, म्हणून क्रम तोंडीच सांगितला. त्याने तो बोटांवर मोजला आणि म्हणाला, "म्हणजे हा मारत नाहीये. स्वतःचं खाऊ फेकतोय."

पाहुणचाराचे आणखी दोन प्रसंग येथे सांगितलेच पाहिजेत. २००३ साली शिगेरू मियामोतो या 'मारिओ'च्या निर्मात्याने पॅक-मॅनच्या घराची आतली बाजूच बाहेर काढली. 'पॅक-मॅन व्हर्सस' या खेळात एक जण पॅक-मॅन होतो आणि उरलेले तिघे भुते होतात. पॅक-मॅनला आपल्या हातातल्या छोट्या पडद्यावर सारा भुलभुलैया दिसतो; भुतांना मात्र आपल्या भोवतालचा लहानसा तुकडाच दिसतो. भूत होऊन पाठलाग करणे किती कठीण आहे, हे तेव्हा कळते. खुद्द मारिओ येथे केवळ निवेदक म्हणून येतो. परक्या घरी गेल्यावर इतका विनय शोभतो.

दुसरा प्रसंग २०१२ च्या 'रेक-इट राल्फ' या चित्रपटातला. खलनायकपणाला कंटाळलेले निरनिराळ्या खेळांतले दुष्ट तेथे एकत्र बसून आपले दुःख बोलून दाखवितात. ही बैठक भरते कोठे? भुलभुलैयाच्या मधोमध, भुतांच्या त्या चौकोनी घरात. आणि अध्यक्षस्थानी कोण? नारिंगी क्लाइड! आवेशाने धावत येऊन ऐन वेळी ज्याचे पाऊल मागे वळते, त्याच्याहून या सभेला योग्य अध्यक्ष मिळाला नसता. बैठकीहून परतताना राल्फ चेरी घेऊन जातो आणि क्यूबर्ट नावाच्या, आपला खेळ बंद पडल्यामुळे बेघर झालेल्या जीवाला देतो.

यापुढचा पाहुणचार जरा भयंकर आहे. २०१५ च्या 'पिक्सेल्स' या चित्रपटात पॅक-मॅन घराएवढा होऊन न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून धावतो आणि वाटेत येईल ते गिळत सुटतो. तेव्हा चित्रपटातले इवातानी, त्यांची भूमिका एका नटाने केली आहे, पुढे होतात. हा आपलाच मुलगा, तो आपले ऐकेल, अशा विश्वासाने ते त्याच्यापुढे हात धरतात. पॅक-मॅन क्षणभर थबकतो आणि मग त्यांचा हातच खातो. खरे तोरू इवातानीही त्याच चित्रपटात आहेत. आरंभीच्या एका दृश्यात, १९८२ सालच्या खेळघरात, यंत्रे दुरुस्त करणारा एक कारागीर दिसतो. तेच ते.