तिकिटामागची बाकी

एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहून देतो. उतरताना तिकीट दाखवायचं आणि आपली बाकी घ्यायची. आमचे तात्या आकडा लिहून त्याला गोल करायचे आणि थांबा जवळ आला की गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "बाकी कुणाची राहिली का?" तरीही माणसं विसरायची. कुणाचं लेकरू झोपलेलं, कुणाची कोंबडी पिशवीतून सुटलेली, आठ आणे कुणाच्या ध्यानात राहणार? मग रात्री जेवताना तात्यांचा घास मधेच थांबायचा. "त्या राजूरच्या म्हातारीचे आठ आणे राहिले गं." आई म्हणायची, "तिनं सोडले, आता तुम्ही पण सोडा." तात्यांना ते कधी जमलं नाही. पुढच्या फेरीला राजूर आलं की ते दारातून वाकून म्हातारी शोधायचे.

तात्यांविषयी लिहायला बसले की ही म्हातारी आधी आठवते. तात्यांचं देणं माझ्याकडे आहे, त्यामुळे जेवताना हात थांबतो तो आता माझा.

तात्या १९६५ साली एसटीत लागले आणि आमचं घर संगमनेरला आलं. एसटीचा त्यांना घरच्या देवाइतका अभिमान. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला गेली, हे ते पाहुण्यांना अशा थाटात सांगत की जणू दुसऱ्या बाकावर स्वतःच बसले होते. त्या वेळी ते सहा वर्षांचे होते आणि गावात गुरांमागे हिंडत होते.

कंडक्टरच्या घराचं घड्याळ वेगळं असतं. पहाटेची ड्युटी असली की तात्या आम्ही उठायच्या आत गेलेले, मुक्कामी गाडी असली की रात्री नाहीत, आणि दुपारी घरात असले तर पाय उशीवर ठेवून झोपलेले. त्या वेळी आम्ही भांडणसुद्धा कुजबुजत करायचो. दिवाळीत जादा गाड्या सुटायच्या, म्हणून लक्ष्मीपूजनाला बाप घरी आहे असं चित्र मला एकदाच आठवतं. आमचे फटाके तुळशीच्या लग्नाला वाजायचे. शेजारच्या पोरी विचारायच्या, "तुमच्यात दिवाळी उशिरा का असते?" मला त्याची लाज वाटायची. पुढे राग आला, आणि तो बरीच वर्षं टिकला.

पण खाकी पँट धुवायला पडली की आमची चंगळ. तिकिटाला पंच मारला की इवलीशी गोल टिकली पडते. दिवसभरात शेकडो टिकल्या तात्यांच्या खिशांत आणि पँटीच्या घडीत जाऊन बसत. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या, दराप्रमाणे रंग. आई पँट झटकायची, आणि धाकटी बहीण, भाऊ आणि मी परातीत टिकल्या वेचायचो. आमच्या दारातली रांगोळी त्या टिकल्यांनी भरलेली असे. गल्लीत तशी रांगोळी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

तात्यांची सुट्टी रविवारी कधीच नसे. शाळेची सुट्टी आणि त्यांची सुट्टी जुळून आली की ते आदल्या रात्री म्हणत, "उद्या एक टप्पा." एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. पण आमच्या घरात टप्पा म्हणजे प्रवरेचा एक तुकडा. दारावरून वाहणारी ही नदी रतनगडाच्या अंगाला उगम पावते आणि नगर जिल्हा आडवा ओलांडून प्रवरासंगमला गोदावरीत जाते. ती आम्हाला उगमापासून दाखवायची असं तात्यांनी ठरवलं होतं. एकदम नाही. एकदम दाखवायला ना पैसा होता, ना रजा.

पहिला टप्पा शेंडीचा. तात्यांची मुक्कामी गाडी होती आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. आम्हा तिघांना त्यांनी संगमनेरला गाडीत चढवलं, स्वतःच्या खिशातले पैसे पेटीत टाकून तीन हाफ तिकिटं फाडली आणि इतर उतारूंसारखीच आमच्या हातात दिली. घरच्यांचा पास आई माहेरासाठी जपून ठेवायची. रात्री शेंडीत कुणीतरी नागलीची भाकरी आणि पिठलं आणून दिलं. तेवढं खाऊन आम्ही गाडीच्या टपावर सतरंजी अंथरली. जून तोंडावर आलेला. समोरच्या झाडांवर काजवे होते, आणि ते सगळे एकदम पेटत, एकदम विझत. तात्या बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बघ, सगळे एकदम थांबतात, एकदम निघतात. आत कुणीतरी दोरी ओढतंय." एका घंटीला थांबायचं, दोन घंट्यांना निघायचं, हे आम्हाला पाळण्यापासून ठाऊक. मग आम्ही टपावर पडून काजव्यांना घंट्या देत राहिलो. खाली ड्रायव्हरकाका घोरत होते.

सकाळी भंडारदऱ्याचं धरण पाहिलं. १९२६ साली पुरं झालेलं हे दगडी धरण, नाव विल्सनचं, पाणी आपल्या प्रवरेचं, असं तात्या म्हणाले. धरणाच्या पाण्यातून होडीनं आम्ही रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचं कोरीव देऊळ भाऊ हात लावून लावून बघत होता. वर रतनगडाचं नेढं, आभाळाला आरपार भोक पडल्यासारखं. बहीण लगेच म्हणाली, "तात्या, डोंगराला पंच मारलाय." तात्या इतके हसले की खोकला लागला. देवळापलीकडे दगडांतून एक बारीक ओहोळ येत होता. तात्यांनी चप्पल काढली, एका ढांगेत पलीकडे गेले, वळले आणि म्हणाले, "मी नदी ओलांडली. आता तुम्ही." आम्हीही ओलांडली, पुन्हा पुन्हा, दमेपर्यंत.

पुढच्या पावसाळ्यात रंधा. गाडीत साठ माणसांच्या गलक्यावर चढणारा तात्यांचा आवाज धबधब्यापुढे आम्हाला ऐकू येईना. तोंड हलतंय, हात हलतोय, आवाज नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय पाहिलं? बहीण म्हणाली, "तात्यांचा आवाज बुडला." नंतर अकोले झालं, अगस्तींच्या आश्रमात डबा सोडून. संगमनेरचा टप्पा तर रोजचाच. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून तात्यांनी आम्हाला नदीत ढकललं, आधी भावाला, मग मला. पोरींना पोहायला कशाला, असं घाटावर कुणी म्हणालं. तात्यांनी त्या माणसाकडे पाहिलं आणि माझ्या डब्याची गाठ आणखी आवळली.

संगमनेरजवळचं जोर्वे तसं साधं गाव. पण १९५०-५१ मध्ये तिथं उत्खनन झालं, लाल रंगावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी निघाली, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. हे सातवी शिकलेल्या तात्यांना कुठून कळलं? गाडीत. मास्तर, तलाठी, कीर्तनकार, खोदकामाच्या पेट्या घेऊन जाणारे, सगळे एसटीत चढत, आणि तात्या तिकीट फाडता फाडता प्रत्येकाला काही ना काही विचारत. "भाडं सरकारला, माहिती मला," असं त्यांचं म्हणणं. ती माहिती पेटीत जमा होत नसे, आमच्या ताटात पडे.

दायमाबादचं त्यांना असंच कळलं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी हे ठिकाण आहे. १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला तिथं ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैलांचा रथ हाकणारा माणूस. आम्ही गेलो ते १९७९च्या उन्हाळ्यात. त्या जाण्यातली एक गोष्ट मला तात्यांच्या बाबतीत सगळ्यात आधी सांगावीशी वाटते आणि सगळ्यात उशिरा कळली.

आदल्याच दिवशी मला बारा वर्षं पुरी झाली होती. तात्यांची सुट्टी, म्हणून गाडीत कंडक्टर दुसरे, त्यांचेच मित्र. त्यांनी सवयीनं तीन हाफसाठी हात घातला. तात्या म्हणाले, "दोन हाफ. ही कालच बारा पुरी झाली. हिचं फुल फाड." काका म्हणाले, "अहो, कालच ना? एक दिवसानं काय होतंय?" तात्या म्हणाले, "परवा आलो असतो तर हाफ फाडलं असतं." फुल तिकीट माझ्या हातात आलं. हाफ आणि फुलमधल्या फरकात श्रीरामपूरला आम्हा सगळ्यांचा उसाचा रस होणार होता. स्टँडवर रसवंतीचे घुंगरू वाजत होते आणि आम्ही नळाचं पाणी प्यायलो. भाऊ माझ्याकडे असा बघत होता की बारा वर्षांची होऊन मी सगळ्यांचा घात केला आहे. मीही तात्यांशी बोलले नाही. त्यांनी मला मोठी केली होती, आणि मला रस हवा होता.

पुढची गाडी, मग उन्हात चालणं, आणि शेवटी पाहायला काय, तर मातीचं टेकाड, खणलेले खड्डे आणि खाली नदी. वस्तू कधीच नेलेल्या. बहीण रडायला लागली. तात्या एका दगडावर बसले आणि त्यांनी हाताच्या अंतरानं दाखवलं, एवढा रथ, असे दोन बैल, असा उभा हाकणारा. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "गाडी आहे, ड्रायव्हर आहे. कंडक्टर कुठंय? म्हणून तर सगळं गाव बुडालं." माझा रुसवा तिथंच सुटला. पुढे नोकरीत असताना एका पुस्तकात मी त्या रथाचा फोटो पाहिला. जेमतेम दीड फुटाचा, पण हाकणारा ताठ उभा, नजर समोर. तात्यांनी हातानं दाखवलेलं माप बरोबर होतं.

नेवाशाला आम्ही बऱ्याच दिवसांनी गेलो, मी कॉलेजात असताना. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब पाहिला. तात्यांनी खांबाला हात जोडले, मग मला हळूच म्हणाले, "सांगणारे माउली. पण लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. लिहून ठेवलं नसतं तर बाकी कुणाला मिळाली असती?"

तिथून प्रवरासंगम हाकेच्या अंतरावर. शेवटचा टप्पा. पण भावाची परीक्षा जवळ आली होती, आम्ही परत फिरलो. मग मी बँकेत लागले, लग्न होऊन पुण्याला गेले. तात्या निवृत्त झाले. आई गेली. नदी टोकाशी अपुरी राहिली ती राहिलीच.

२०२३च्या हिवाळ्यात मी संगमनेरला गेले तेव्हा तात्या एक्याऐंशीचे होते. मी म्हटलं, "तात्या, संगमाला जाऊ या. गाडी ठरवते." ते म्हणाले, "गाड्या ठरलेल्याच आहेत. स्टँडवर उभ्या असतात."

नेवाशाच्या पुढच्या गाडीत कंडक्टर एक तरुण पोरगी होती. हातात मशीन, खांद्याला पाकीट. आता पंच नाही, टिकल्या नाहीत. तिनं विचारलं, "आजोबांचं कार्ड?" पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. मशीनमधून दोन कागद निघाले. तात्यांनी आपला डोळ्यांजवळ धरला. "शून्याचं पण तिकीट फाडता?" ती म्हणाली, "फाडावं लागतं आजोबा. माणूस मोजला गेला पाहिजे." तात्यांनी मान हलवली, एखाद्या वरिष्ठानं पसंती द्यावी तशी. मग माझ्या हातातला कागद बघून म्हणाले, "तू परत हाफ झाली गं." तिच्याकडे सुट्टे नव्हते. तिनं माझं तिकीट परत घेतलं, पाठीवर पेनानं ५ लिहिलं आणि त्याला गोल केला.

प्रवरासंगमला सिद्धेश्वराच्या देवळामागून खाली गेलो. जायकवाडीचं पाणी इथवर चढतं. प्रवरा कुठली आणि गोदावरी कुठली हे सांगता येत नव्हतं, समोरचा काठ धुरकट रेघेएवढा. तात्या पायरीवर बसले. मी त्यांच्या पायातल्या चपला काढल्या आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "रतनवाडीला मी एका ढांगेत गेलो होतो, आठवतं?" मी म्हटलं, "आठवतं." ते पाण्याकडे बघून म्हणाले, "आता नाही जमायचं." आवाजात खंत नव्हती. नदी मोठी झाली होती, इतकंच ते सांगत होते.

वर रस्त्याला आल्यावर रसवंती दिसली. दोन ग्लास सांगितले. पैसे काढायला पर्स उघडली आणि तिकीट हाताला लागलं. "तात्या, माझी बाकी राहिली. पाच रुपये." मला वाटलं, ते रागावतील. जन्मभर लोकांना आठवण करून देणाऱ्या माणसाची मुलगी, आणि तीच विसरली. त्यांनी ग्लास खाली ठेवला. गाडी गेली होती त्या दिशेला ते बघत राहिले.

"आता ती पोरगी रात्री नीट जेवायची नाही," तात्या म्हणाले.

ते तिकीट मी ठेवलं आहे. या मशीनच्या तिकिटांवरची छपाई टिकत नाही. कुठून कुठे, किती वाजता, किती रुपये, अर्धं की पूर्ण, सगळं वर्षभरात उडून गेलं आणि कागद कोरा झाला. मागच्या बाजूला पेनानं लिहिलेला ५ मात्र अजून आहे, गोलासकट.