लढाऊ माशाच्या गावचे पाणी

बँकॉकला जाणारी आपली मंडळी बुद्धमंदिरे, नदीतली सफर आणि खरेदी आटोपून परततात. 2023 च्या डिसेंबरमध्ये आम्ही गेलो तेव्हा माझ्या यादीत आणखी एक ठिकाण होते, चतुचक बाजारालगतची शोभेच्या माशांची गल्ली. बेळगावात दादाच्या घरी भाचीचा निळा फायटर फिका पडत चालला होता. दुकानातून आणलेले औषध घालून झाले होते. वहिनी धारवाडच्या. त्यांचा फोन आला, "बण्ण होगेती. नीर स्वच्छ ऐती, वन्सं."

गल्लीत फळ्यांवर चौकोनी बाटल्या ओळीने मांडलेल्या. कुणी माणकासारखा लाल, कुणी शाईसारखा निळा, कुणी घासलेल्या तांब्यासारखा. दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा, कारण दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुगवून उभे राहतात. थाई लोक त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. (मी पाहिलेल्या या पाळीव प्राण्यांच्या बाजाराला 2024 च्या जूनमध्ये आग लागली. पिंजऱ्यांत आणि टाक्यांत अडकलेले जीव गेले. बातमी वाचून जेवण गेले नाही.)

त्या बाटल्या पाहूनच आपल्याकडे समज झाला असावा, की हा मासा पेलाभर पाण्यात सुखाने राहतो. बाटली हे त्याचे दुकान, घर नव्हे. त्याचे घर चाओ फ्राया नदीच्या सपाटीवरची भातशेते आणि पाणथळ जागा. आपल्या येळ्ळूरच्या शिवारात पावसाळ्यात साचते तसेच उथळ पाणी, पण उबदार आणि गवताने भरलेले. त्याच्या डोक्यात कल्ल्यांजवळ एक खास इंद्रिय असते. त्यामुळे तो वर येऊन हवा घेतो आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो. अमोनियापासून मात्र ते इंद्रिय त्याला वाचवत नाही. तो लगेच मरत नाही, म्हणून आपल्याला वाटते सारे ठीक आहे.

एका दुकानातल्या पन्नाशीच्या बाईंना मी मोबाईलवरचा फोटो दाखवला. भाषेचा प्रश्नच होता. त्यांनी आधी स्वतःचे दंड चोळून दाखवले, थंडी आहे का? बेळगावच्या डिसेंबरच्या रात्री मला आठवल्या. या माशाला 25 ते 28 अंश पाणी लागते. थंडीत तो मलूल होतो, रंग सोडतो. मग त्यांनी फोटो मोठा केला. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नव्हते. बॅटरीच्या उजेडात दिसणारी सोनेरी-तांबूस भुकटी असती तर तो परजीवींचा रोग. परांच्या कडा काळ्या पडून झिजल्या असत्या तर परसड. यातले काही नव्हते. पर मिटलेले आणि अंगावर आडव्या काळपट रेघा, म्हणजे मासा त्रासात आहे. बाईंनी बोट पाण्याकडे दाखवले.

त्यांच्या बाटल्यांतले पाणी चहासारखे तांबूस होते आणि तळाशी एक वाळके पान. पाहते तर आपल्या शाळेच्या अंगणातल्या देशी बदामाचे! थाई भाषेत त्या झाडाचे नाव 'हू क्वांग', हरणाचा कान. तिथे त्या पानांच्या जुड्या विकत मिळतात, आपल्याकडे सकाळी झाडून जाळतात. पानाने पाणी किंचित आम्ल होते, माशाला मानवते. पण त्याने अमोनिया जात नाही.

घरी फोन करून वहिनींना अमोनिया तपासायचा संच आणायला सांगितले. पिवळे राहायला हवे ते द्रावण हिरवे झाले. पाणी दिसायला काचेसारखे! दोन लिटरचा गोल बाऊल, त्यात माशाची विष्ठा आणि उरलेले दाणे. अमोनिया पचवणारे जीवाणू वाढायला जागा नाही; दर रविवारी सगळे घासून धुतल्यावर होते तेही जायचे. वर नळाचे क्लोरीनचे पाणी थेट आत, मग ते राकसकोपचे असो की हिडकलचे.

आता वीस लिटरची टाकी आहे, स्पंजचा फिल्टर आहे, छोटा हीटर आहे. क्लोरीन काढणारे थेंब घातलेले, टाकीइतकेच कोमट पाणी घालून आठवड्याला पाव हिस्सा बदलतात. स्पंज नळाखाली नाही, काढलेल्या पाण्यातच पिळतात. जीवाणू स्थिरावेपर्यंत महिनाभर दर दोन दिवसांनी तपासणी चालली होती. दादा म्हणाला, माझी साखर कुणी इतक्यांदा तपासत नाही.

महाशिवरात्रीपर्यंत निळा रंग परतला. मग भाचीचा घाबरा फोन, "आत्या, शेपटी पांढरी होत्येय!" पर मोकळे, कडा शाबूत, खाणे चोख, वर बुडबुड्यांचे घरटे. हा मार्बल जातीचा, त्याचा रंग जन्मभर असा हलत राहतो. तिला पटले. वहिनींनी तरीही द्रावण काढले. पिवळे.