दोन वाजून पाच मिनिटं

मला क्लस्टर हेडेक आहे. 'आहे' म्हणावं की 'होता' म्हणावं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. शेवटचा झटका नोव्हेंबर 2019 मध्ये, सिकंदराबादला असताना आला. आज जानेवारी 2024 आहे. म्हणजे चार वर्षं उलटली. बायको म्हणते, "अहो, गेलं ते आता, विसरा." मी म्हणतो, गेलेलं नाही, रजेवर आहे. आणि रजेवरचा माणूस परत येतो, हे फौजीला सांगायला लागत नाही.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे एका बाजूचं डोकं दुखलं की 'अर्धशिशी' म्हणून मोकळे होतात. ही अर्धशिशी नाही. अर्धशिशीचा माणूस अंधार करून निपचित पडतो. क्लस्टरचा माणूस पडू शकत नाही. तो येरझाऱ्या घालतो, उकिडवा बसून झुलतो, भिंतीवर डोकं आपटतो. दुखणं एकाच डोळ्याच्या मागे असतं, माझं डाव्या. त्या डोळ्यातून पाणी, त्याच बाजूची नाकपुडी बंद, पापणी खाली उतरलेली. एक झटका 15 मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालतो आणि दिवसात आठ वेळासुद्धा येऊ शकतो. असे झटके काही आठवडे घोसाने येतात, म्हणून क्लस्टर. मग अचानक बंद. हजारात एखाद्याला होतो, त्यामुळे पहिल्या फेरीत कोणी ओळखत नाही. कोणी सायनस म्हणतं, कोणी दाढ. माझी एक चांगली दाढ त्यात गेली.

सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे त्याची वक्तशीरता. माझी वेळ रात्री दोनच्या आसपासची, आणि हंगाम दसऱ्यानंतरचा, दिवस लहान व्हायला लागले की. आमचे उस्ताद परेडला एवढे वेळेवर येत नसत. याचं कारणही नंतर कळलं. 1998 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी झटका चालू असताना मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा हायपोथॅलॅमस नावाचा खोलवरचा भाग जागा झालेला दिसला. शरीराचं घड्याळ तिथंच चालतं. झोप कधी, जाग कधी, ऋतू कुठला, याचा हिशोब तो भाग ठेवतो. घड्याळातच बिघाड असल्यावर दुखणं घड्याळाप्रमाणे येणारच.

पण आज मला झटक्यांबद्दल लिहायचं नाही. झटक्यांबद्दल डॉक्टर विचारतात, घरचे विचारतात, सगळे विचारतात. मधल्या काळात काय होतं ते कोणी विचारत नाही, कारण मधल्या काळात माणूस 'फिट' असतो.

सध्या आमची पोस्टिंग कोलकात्यात, खिदिरपूरच्या बाजूला. युनिटचं नाव नेहमीप्रमाणे लिहीत नाही. खिदिरपूर म्हणजे गोदी. 1892 पासूनची. समुद्र इथून दोनशे किलोमीटरच्या वर लांब, जहाजं हुगळी नदीतून वर येतात, आणि भरतीचं पाणी चढलं की दरवाजातून आत घेतली जातात. त्या वेळी गोदीवरचा पूल उघडतो आणि दोन्ही बाजूंना बस, ठेले, सायकली, सगळं थांबतं. पहिल्यांदा अडकलो तेव्हा चिडलो होतो. आता उतरून बघत उभा राहतो. भरतीच्या वेळा छापून येतात, त्यामुळे कधी अडकायचं ते आधी कळतं. ही सोय मला फार मोठी वाटते.

रात्री जहाजाचा भोंगा ऐकू येतो. तो ऐकू येतो याचा अर्थ मी जागा असतो. चार वर्षं झटका नाही, तरी दोन वाजून पाच मिनिटांनी माझे डोळे उघडतात. दुखत काहीच नसतं. मी पडल्या पडल्या डावी बाजू तपासतो, रात्रीचा पहारेकरी दरवाजांची कुलपं ओढून बघतो तसा. डोळ्यात पाणी? नाही. नाकपुडी? एक दाबून दुसरीने श्वास, मग उलट. कोलकात्याच्या हिवाळ्यात धुरामुळे सगळ्यांचीच नाकं चोंदतात. माझा प्रश्न एवढाच असतो की दोन्ही चोंदल्या आहेत की फक्त डावी. दोन्ही असतील तर सर्दी, आणि सर्दी झाल्याचा इतका आनंद होणारा माणूस आमच्या बॅरकमध्ये मी एकटाच. मग मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावून पापणी बघतो. मग झोपतो. रोज नाही होत, पण ऑक्टोबर ते डिसेंबर जवळजवळ रोज.

फौजेत 'स्टँड टू' असतो. पहाटे आणि संध्याकाळी, हल्ल्याची शक्यता जास्त त्या वेळी, सगळे आपापल्या मोर्चात तयार. शत्रू दिसो न दिसो. ठरलेल्या वेळेनंतर 'स्टँड डाउन'चा हुकूम येतो आणि चहा मिळतो. माझ्या डोक्यात स्टँड टू चालू आहे, स्टँड डाउन द्यायला कोणी नाही.

ही भीती झाली. पण सगळीच भीती नसते. काही गोष्टी खरोखर शरीरात उरल्या आहेत. डावी पापणी उजवीपेक्षा केसभर खाली आहे, आणि अंधुक उजेडात डाव्या डोळ्याची बाहुली थोडी लहान दिसते. वारंवार झटके आलेल्यांत हे कधीकधी कायमचं राहतं, त्या बाजूच्या डोळ्याला जाणाऱ्या बारीक नसा दुखावलेल्या असतात. ओळखपत्राच्या फोटोत मी डोळा मारतोय असं पोरं म्हणतात. डाव्या कानशिलावर कंगवा फिरवला की कधी कधी टाळू दुखते. आणि तिसरं म्हणजे सावली.

सावली हा शब्द या आजाराच्या लोकांचाच आहे, इंग्रजीतही ते तेच म्हणतात. डोळ्याच्या मागे कोणीतरी बोट ठेवल्यासारखं वाटतं. दुखत नाही, दाबतही नाही, नुसतं ठेवलेलं असतं. एखादी कळ, डोळ्याच्या कोपऱ्यात ओल, पाच-दहा मिनिटं. मग काही नाही. गेल्या वर्षी दुर्गापूजेत, सप्तमीच्या रात्री, मी मंडपाच्या बंदोबस्तापासून लांब, साध्या कपड्यात, बायको-मुलीबरोबर रोषणाई बघत होतो. ढाक वाजत होते. त्या गर्दीत बोट येऊन टेकलं. मी मुलीचा हात बायकोच्या हातात दिला. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही, फक्त घड्याळ बघितलं. चार वर्षांपूर्वी ती अशीच वेळ लिहून ठेवायची, सुरू किती वाजता, संपलं किती वाजता. "विसरा" म्हणणारी तीच. अकरा मिनिटांनी बोट उठलं. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली, आणि आम्ही पुढच्या मंडपात गेलो.

इथल्या एका दुकानदार दादांशी माझी ओळख आहे, फॅन्सी मार्केटकडे जाताना त्यांचं चहाचं दुकान लागतं. मी मराठी आहे कळल्यावर ते हसून म्हणाले, "ओ, बोर्गी!" अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, त्यांना इथे बर्गी म्हणत. बंगाली आया अजून त्यांच्या नावाची अंगाई म्हणून मुलांना झोपवतात. त्या भीतीने 1742 मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. काम अर्ध्यावर थांबलं, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्या ओळीवर सर्क्युलर रोड झाला. शहराची हद्द मात्र कितीतरी वर्षं त्या खंदकानेच ठरत राहिली. न आलेल्या फौजेने शहराचा आकार ठरवला! हे दादांकडून ऐकलं आणि नंतर वाचलंही, तेव्हा मला माझी रजा आठवली. मी कार्तिकात गावी रजा टाकत नाही. लग्न, बारसं, काहीही असो. झटका आला तर गावात रात्री दोन वाजता ऑक्सिजन कुठून आणायचा?

ऑक्सिजन हे यावरचं खरं औषध आहे, हेही अनेकांना माहीत नसतं. शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला 12 ते 15 लिटर, घट्ट बसणाऱ्या मास्कने, पंधरा-वीस मिनिटं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत ऑक्सिजनने 78 टक्के झटके पंधरा मिनिटांत आटोक्यात आले, साध्या हवेने 20 टक्के. गोळी पोटात जाऊन विरघळेपर्यंत झटका आपलं काम करून गेलेला असतो, म्हणून इंजेक्शन किंवा ऑक्सिजन. आमचे लोक ऑक्सिजन म्हटलं की सियाचीन समजतात. मी सपाटीवर, एमआय रूमच्या बाकावर मास्क लावून बसायचो, तेव्हा एका जवानाने गंभीरपणे विचारलं होतं, "उस्ताद, इथे पण हवा कमी आहे का?"

फेरी चालू असताना रमचा एक पेग तासाभरात झटका आणतो. फेरी नसताना काही होत नाही, डॉक्टरही तसंच सांगतात. तरी मी चार वर्षांत थेंब घेतलेला नाही. माझ्या कोट्याची बाटली कोणाला जाते यावर मात्र दर महिन्याला चर्चा होते.

तर, मुद्दा. डिसेंबरमध्ये माझ्या मेडिकल कॅटेगरीचा रिव्ह्यू होता. या आजारामुळे मी खालच्या कॅटेगरीत आहे, उंचीवर पाठवत नाहीत, आणि बढतीच्या कागदावर कॅटेगरीचा प्रश्न येतोच. चार वर्षं झटका नाही, औषध नाही, वेरापामिल तर 2020 च्या सुरुवातीलाच बंद झालं. कागदावर मी वर जायला मोकळा. जवळच्या लोकांनी सल्ला दिला: विचारतील तेवढंच बोल. झटका आला का? नाही. संपलं. सावली म्हणजे काय रोग आहे का? ते खोटंही होत नाही.

खोटं होत नाही, हे खरं. पण कॅटेगरी हा काही इनाम नव्हे. कॅटेगरी म्हणजे माझ्या पुढच्या माणसाला दिलेली माहिती. उद्या मी एखाद्या चौकीवर दहा पोरांचा कमांडर असेन, रात्री दोन वाजता, आणि एमआय रूम चार तासांवर असेल. त्या वेळी मी तासभर जमिनीवर लोळत असेन तर त्या दहा जणांचं काय? दुसरी बाजूही आहे, ती मी नाकारत नाही. कदाचित झटका दहा वर्षं येणारच नाही. अशीही उदाहरणं आहेत. मग एका सावलीसाठी मी बढती घालवायची? या दोन्हींचा निकाल माझ्याकडून लागेना. शेवटी ठरवलं की निकाल लावणं माझं काम नाही, माहिती देणं माझं काम आहे. दोन वर्षांची डायरी घेऊन गेलो. तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठे.

डॉक्टर मॅडम वयाने लहान, मेजर. डायरी पूर्ण वाचली. टॉर्चने दोन्ही बाहुल्या बघितल्या, जुना एमआरआय मागवला, पापणी कधीपासून अशी आहे ते दोनदा विचारलं. नव्याने पापणी उतरली असती तर ती वेगळ्या कारणाने असू शकते, मानेतल्या धमनीपर्यंत तपासावं लागतं, असं समजावलं. माझी पहिल्या फेऱ्यांपासूनची आहे हे जुन्या कागदांत सापडल्यावर त्या निवांत झाल्या. सावलीबद्दल म्हणाल्या, बरेच पेशंट सांगतात, झटक्यात धरत नाही, फेरी येणारच असाही त्याचा अर्थ नाही. मग पेन थांबवून विचारलं, "और नींद? ये दो बजे वाला, रोज होता है?" चार वर्षांत झोपेबद्दल विचारणारं पहिलं माणूस. मी "जी" म्हणालो आणि पुढचे काही क्षण मला बोलता आलं नाही.

कॅटेगरी आहे तीच राहिली. पुढचा रिव्ह्यू या वर्षाअखेर, म्हणजे हंगाम उलटल्यावर, हे मॅडमनीच मुद्दाम तसं ठेवलं. झोपेसाठी एका समुपदेशकाकडे पाठवलंय, दोनदा जाऊन आलो. ते म्हणतात दोन वाजता डोळे उघडले तर तपासणी करू नका, उठून पाणी प्या, परत झोपा. सांगायला सोपं आहे. कॅमेरा बंद करायला जमलंय, नाकपुडी अजून तपासतो.

बायकोला निकाल फोनवर सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मुलीचा दहावीचा क्लास, घराचा हप्ता, वाढीव पगार, हे सगळं त्या गप्प राहण्यात होतं, आणि ते मला ऐकू आलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मलाच जागावं लागलं असतं."

मैदानातून खिदिरपूरला ट्राम यायची. अंफान वादळानंतर, 2020 पासून ती बंद आहे. गवतातून रूळ अजून जातात, काही ठिकाणी मातीने भरलेत, शेळ्या चरतात. रविवारी आम्ही त्या बाजूने चालत गेलो तर मुलगी रुळावर तोल सांभाळत चालायला लागली. बायको ओरडली, "अगं, खाली उतर!" मुलगी म्हणाली, "आई, ट्राम बंद आहे." बायकोने तरी मागे वळून बघितलं. मीही बघितलं.

एमआय रूममधल्या सिलिंडरचा काटा दर सोमवारी बघतो. गेल्या सोमवारी पूर्ण भरलेला होता.