तीन हजार पायऱ्या आणि तोल सांभाळणारी टीम

सोहरा म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत इथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला होता. एवढ्या पावसात लाकडाचा पूल लवकर कुजतो. म्हणून मेघालयातल्या खासी लोकांनी पूल ‘वाढवायची’ रीत शोधली. ओढ्याकाठच्या रबराच्या झाडाची मुळं सुपारीच्या पोकळ खोडांतून पलीकडच्या काठापर्यंत न्यायची आणि वाट बघायची. पूल माणसांचं वजन पेलण्याइतका मजबूत व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. अशा जिवंत पुलांना इथे ‘जिंगकिएंग ज्री’ म्हणतात. २०२२ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले.

यातला सगळ्यात प्रसिद्ध दुमजली पूल नोंग्रियाट गावात आहे. तिथे गाडी जात नाही. टिर्ना गावातून सुमारे तीन हजार पायऱ्या उतरायच्या-चढायच्या आणि वाटेत लोखंडी तारांचे झुलते पूल ओलांडायचे. फेब्रुवारीत मी, धाकटा भाऊ आणि आई असे तिघं तिथे जाऊन आलो.

आई अठ्ठावन्न वर्षांची. तीन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनात भीती बसली. सरकता जिना दिसला की ती लिफ्ट शोधायची. “माझा तोल जातो,” हे तिचं ठरलेलं वाक्य. यावर तिच्या फिजिओथेरपिस्टने एकदा विचारलं, “तोल जातो, की जाईल असं वाटतं?” डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दाखवला आणि तीन महिने व्यायाम करून आई आमच्यासोबत निघाली.

घाटात कानाची गडबड

शिलाँगहून सोहरा साधारण ५५ किलोमीटर. रस्ता सुंदर, पण वळणावळणाचा. भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आणि अर्ध्या तासात त्याला मळमळायला लागलं.

आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच तोलाची यंत्रणा असते. तीन दिशांना वळलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांत द्रव. डोकं वळलं की हा द्रव किंचित मागे राहतो आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियमचे बारीक खडे असतात. पुढे-मागे, वर-खाली जाणं आणि डोक्याचा कल त्यांच्यामुळे समजतो.

भावाचा कान सांगत होता, ‘आपण वळतोय’. मोबाइलवरचे डोळे सांगत होते, ‘सगळं स्थिर आहे’. या भांडणातूनच गाडी लागते. ड्रायव्हरकाकांनी फोन ठेवायला लावून लांबचे डोंगर बघायला सांगितलं. थोड्या वेळात स्वारी ताळ्यावर आली.

पायऱ्यांवर तळव्यांची परीक्षा

टिर्नाला बांबूच्या काठ्या भाड्याने मिळतात. काठी नक्की घ्या. पायऱ्या सिमेंटच्या असल्या तरी अरुंद आहेत, उंचीही सारखी नाही आणि सावलीतल्या जागी शेवाळं आहे.

आपल्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. तळव्याच्या त्वचेतले मज्जातंतू दाब, ताण आणि कंप टिपतात. भार टाचेवर आहे की बोटांवर, जमीन कुठे कललीय, ही खबर सतत मेंदूकडे जात असते. घोटा आणि पोटऱ्यांचे स्नायू स्वतः किती ताणलेत ते कळवतात. म्हणूनच अंधारातही आपला पाय कुठे आहे हे आपल्याला न बघता समजतं. घरातल्या गुळगुळीत फरशीवर या सगळ्यांना फारसं काम नसतं. इथे मात्र प्रत्येक पायरीला नवी बातमी.

आईने खास घेतलेले जाड, मऊ तळाचे बूट पहिल्या शंभर पायऱ्यांतच तिला नकोसे झाले. “खाली काय आहे ते कळतच नाही गं!” तिने बॅगेतले जुने, पातळ पण पकड असलेले बूट घातले. शेजारून गावातली माणसं कपाळाला पट्टा लावून, पाठीवर शंकूच्या आकाराची टोपली घेऊन, साध्या रबरी चपलांमध्ये झपाझप जात होती.

आईची दुसरी सवय म्हणजे सारखं पावलाकडे बघायचं. मान खाली गेली की डोक्याचं वजन पुढे झुकतं आणि पाठोपाठ अंगही झुकतं. शिवाय जिथे पाऊल पडलंच आहे, ती पायरी बघून काय उपयोग? फिजिओने सांगितलं होतं, नजर दोन-तीन पायऱ्या पुढे ठेवा. आई ते पुटपुटतच उतरत होती.

उतरणं सोपं, हा समज इथे पार मोडतो. उतरताना मांडीचे स्नायू सतत ब्रेकचं काम करतात. हजारेक पायऱ्यांनंतर आम्हा तिघांचेही गुडघे थरथरायला लागले. थकलेला स्नायू खबरही नीट देत नाही, म्हणून ठरावीक अंतराने बसणं हा सुरक्षेचाच भाग समजा.

झुलत्या पुलावर सगळेच गोंधळतात

मग तारांचा पूल आला. पायाखाली तारा, तारांमधून दिसणारं निळसर पाणी आणि मोठाले दगड. पाणी वाहतं तसं डोळ्यांना वाटतं, आपणच सरकतोय. कान सांगतो, झोके बसताहेत. तळव्यांना तर घट्ट जमीनच सापडत नाही.

आई काठावर पाच मिनिटं उभी राहिली. मागून आलेल्यांना तिने पुढे जाऊ दिलं. मग म्हणाली, “मी डोळे मिटून जाते.”

नेमकं हेच करायचं नसतं! एकोणिसाव्या शतकात मोरित्झ रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी एक निरीक्षण नोंदवलं होतं. पायांची जाणीव कमी झालेले रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहू शकत, डोळे मिटताच डोलायला लागत. पायांकडून कमी पडलेली माहिती डोळे भरून काढत होते. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायची ‘रोम्बर्ग चाचणी’ आजही डॉक्टर वापरतात. म्हणजे पाय गोंधळलेले असताना डोळेही मिटले, तर सगळा भार एकट्या कानावर.

आम्ही आईला पलीकडच्या काठावरचं एक झाड दाखवलं आणि त्याच्याकडेच बघत यायला सांगितलं. हातांनी बाजूच्या तारा करकचून धरायच्या नाहीत, बोटं नुसती लावून ठेवायची. बोटांच्या हलक्या स्पर्शानेही शरीर किती आणि कुठे झुकतंय ते मेंदूला कळतं. आई निघाली. मध्यावर पूल जास्त हलला, ती थांबली, गुडघे थोडे वाकवले, हलणं कमी होऊ दिलं आणि परत चालायला लागली. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, “आता पुढचा कुठे आहे?”

दुपारी नोंग्रियाटचा दुमजली पूल आला. मुळांमध्ये बसवलेल्या दगडांवरून चालताना तो अजिबात झुलत नाही. शेजारच्या डोहात पाय सोडून आम्ही तासभर बसलो. छोटे मासे येऊन तळव्यांना गुदगुल्या करत होते. मुक्काम गावातल्या होमस्टेमध्ये केला, कारण त्याच दिवशी थकल्या पायांनी वर चढणं आईला झेपलं नसतं.

जाण्याआधीची तयारी

आईने केलेले व्यायाम घरच्या घरी होतात:

• ओट्याला हात लावून एका पायावर दहा सेकंद उभं राहा. हळूहळू वेळ वाढवा.
• फरशीच्या रेषेवर टाचेला अंगठा टेकवत चाला.
• दात घासताना टाचा वर-खाली करा.
• खुर्चीतून हात न टेकता उठा, सावकाश बसा.
• जागा स्वच्छ असेल तर गवतावर किंवा वाळूत अनवाणी चाला.

मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते. अशांनी अनवाणी चालू नये आणि रोज तळवे तपासावेत. वारंवार चक्कर येत असेल, पडायला होत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना भेटा. आणि पावसाळ्यात हा ट्रेक टाळलेलाच बरा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून, थांबत थांबत आम्ही साडेतीन तासांत वर आलो. पोटऱ्या पुढे चार दिवस दुखत होत्या. आई अजूनही जिन्याच्या कठड्याला हात लावते, पण आता नुसती बोटं टेकवते, आणि नजर दोन पायऱ्या पुढे असते.