आधी बांधावर, मग पडद्यावर

लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्याला ‘यंदा सोयाबीन किती?’ म्हणून विचारा, उत्तर येतं ‘चार बॅगा’. बॅग बियाण्याची, 30 किलोची, एकराला साधारण एक. त्यात तुरीची तासं, म्हणजे ओळी, घातलेली असतात, ती वेगळी सांगायची त्याला गरज वाटत नाही, सगळेच घालतात. सातबाऱ्याला मात्र हेक्टर-आर लागतात, आणि मिश्र पीक म्हटलं की प्रत्येक पिकाचं क्षेत्र वेगळं. एकराचे साधारण 40 आर होतात. आता हा गुणाकार आणि ही वाटणी कुणी करायची, माणसाने की मोबाइलने? माझ्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो.

धंदा म्हणजे मोबाइलचे, संगणकाचे पडदे आखणं. शिकायला येणाऱ्या पोरांना वाटतं, रंग आणि बटणं. ते शेवटी. आधी माणूस जे काम करतो त्याचं झाड काढायचं: खोडाशी हेतू, फांद्यांवर टप्पे, शेंड्यांना एकेक कृती. जॉन ॲनेट आणि कीथ डंकन यांनी ब्रिटनमध्ये 1967 साली ही पद्धत मांडली ती प्रशिक्षणासाठी. पडद्यांचा तेव्हा संबंधच नव्हता. पुढे कार्ड, मोरान आणि न्यूवेल या तिघांनी कृतींना सेकंद लावले. मनात जुळवाजुळव करायला 1.35 सेकंद, असं त्यांचं गणित. पण ते सरावलेल्या, न चुकणाऱ्या, टेबलाशी बसलेल्या माणसाचं. उन्हात पडद्यावर तळहाताची सावली धरून उभ्या असलेल्याला ते कसं लागू पडावं? त्यापेक्षा इटलीच्या फाबिओ पातेर्नो यांची रीत मला कामाची वाटते. दोन कामांमधलं नातं ते खुणेने दाखवतात: हे झाल्यावरच ते, कोणतंही आधी चालेल, मध्येच सोडून पुन्हा धरता येईल. शिवाय कोणतं काम माणसाच्या डोक्यात होतं आणि कोणतं यंत्राने करायचं, तेही वेगळं दाखवतात.

ही रीत महाराष्ट्र सरकारच्या ई-पीक पाहणी अ‍ॅपला लावून बघू. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतःच पीक नोंदवायचं ठरलं. त्याआधी ते तलाठ्याचं काम. अ‍ॅपमध्ये भरायचं ते असं: खाते, गट, हंगाम, पिकाचा वर्ग, क्षेत्र, पाण्याचं साधन, लागवडीची तारीख आणि फोटो. झाड काढलं की लगेच दिसतं, शेतात जाऊनच करावं लागणारं काम एकच, फोटोचं. बाकी सगळं ओसरीवर बसून व्हावं, कारण आठ-अचा उतारा ट्रंकेत असतो, बांधावर नसतो. शिवारात रेंज नसली तर माहिती साठवून नंतर पाठवता येते, म्हणजे ‘सोडा आणि पुन्हा धरा’ हे नातं अ‍ॅपने मानलंय. 2022 च्या सुधारित आवृत्तीत 48 तासांच्या आत एकदा दुरुस्ती करायची सोय आली. मला ती फोटोपेक्षाही मोलाची वाटते. चुकणं हाही कामाचाच एक टप्पा, पण तो बहुतेक आराखड्यांत कुणी काढतच नाही.

आणि फोन असतो कुणाच्या हातात? बहुतेक वेळा नातवाच्या.

“आबा, तूर किती लिहू?”

“सहा तासाला एक हाय. तूच बघ की.”

आबांना जे ठाऊक आहे ते त्यांनी चोख सांगितलं. आता फॉर्मने ओळी विचाराव्यात: सोयाबीनच्या किती, मग तुरीच्या किती? चार एकरांचे 160 आर, सातातला एक वाटा तुरीचा. 23 आर तूर, 137 आर सोयाबीन. मोबाइलला याला क्षणही लागत नाही. नातू मात्र अंदाजाने अर्धं-अर्धं टाकून मोकळा होतो.

लातूरच्या ट्यूशन एरियात प्रवेशाचे पसंतीक्रम भरतानाही एकच काम असं तिघांत वाटलेलं असतं. कॉलेजं पोराला हवीत, फीचा विचार बापाला, आणि माऊस कॅफेवाल्याकडे. बापाच्या खिशात वहीचं पान असतं: कॉलेजांची नावं, गेल्या वर्षीचा कटऑफ, खाडाखोड, बाण. पडदा आखणाऱ्याने आधी ते पान मागून घ्यावं.

आबांच्या तुरीकडे परत येऊ. ओळींचा प्रश्न काढला की प्रोग्रॅमर म्हणतो, असा रकाना डेटाबेसमध्ये नाही. नसू दे. साठवायचे ते आरच साठव, विचारताना ओळी विचार. फक्त ज्याने तूर नुसती धुऱ्याच्या कडेने लावली, त्याला थेट क्षेत्र लिहायची वाट ठेवावी लागेल.